मॉन्टेरे स्पाइनफ्लॉवर

मॉन्टेरे स्पाइनफ्लॉवर हे कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे खाडीच्या आसपासच, वाळूत उगवणारं एक छोटंसं रानफूल. शास्त्रीय नाव कोरिझँथे पंजन्स, आणि या जातीतला पंजन्स याच नावाचा प्रकार म्हणजे हे फूल. कूळ पॉलिगोनेसी, म्हणजे आपला आंबट चुका आणि उपासाचा कुट्टू ज्या कुळातले तेच. वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या डेव्हिड डग्लसने मॉन्टेरेला गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८३६ मध्ये बेंथम या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन छापलं.

झाड एका वर्षाचं. हिवाळी पावसात बी रुजतं, रोप वाळूला चिकटून चहूबाजूला पसरतं आणि एप्रिल ते जूनमध्ये फुलतं. फूल जेमतेम तीनेक मिलिमीटरचं, त्यामुळे लांबून जे पांढरं पांढरं दिसतं ना, ती बहुतेक पाकळी नसतेच, फुलाभोवतीच्या पेल्याच्या दातांची पांढरी किनार असते. प्रत्येक पेल्याला सहा दात, टोकं काट्यासारखी वाकडी, आत एक फूल आणि पुढे एकच बी. उन्हाळ्यात झाड वाळलं की हे काटेरी पेले सुटतात, जनावरांच्या केसात अडकतात नाहीतर वाऱ्याने वाळूवरून घरंगळत जातात, बियांचा प्रवास असाच होतो.

हे फूल मुख्यतः दोन ठिकाणी सापडतं, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि थोडं आत चॅपरलमध्ये, म्हणजे मँझनिटासारख्या कडक पानांच्या झुडपांचं जे दाट रान असतं त्यात. पण झुडपांच्या सावलीत ते येत नाही, त्याला मधल्या उघड्या वाळूच्या जागाच लागतात, आणि मला तरी या झाडाची सगळी गोष्ट इथेच आहे असं वाटतं. अशी जागा टिकायची तर अधूनमधून वाळू हलली पाहिजे, नाहीतर वणवा लागून झुडपं मागे हटली पाहिजेत. दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं आइस प्लांट मात्र नेमकी हीच उघडी वाळू जाड गालिच्यासारखी झाकून टाकतं, मग बी रुजणार कुठे? त्यात घरं, रस्ते, शेती यांनी किनाऱ्याची बरीच जमीन घेतलीय.

१९९४ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी मॉन्टेरे खाडीकाठचा फोर्ट ऑर्ड हा लष्करी तळ बंद झाला, आणि या फुलाची सगळ्यात मोठी वस्ती तिथेच. १९१७ पासून लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तिथल्या बऱ्याच जमिनीवर घरं चढली नव्हती, सरावाने वाळू उकरली जायची, म्हणून उघड्या जागा राहिल्या. आता न फुटलेला दारूगोळा काढायला चॅपरलचे पट्टे ठरवून जाळतात, त्या जळलेल्या मोकळ्या जागेत हे रोप परत येऊ शकतं. २०१२ मध्ये तळाचा एक भाग राष्ट्रीय स्मारक, म्हणजे सरकारने राखलेली संरक्षित जमीन, झाला. किनाऱ्यालगतच्या टेकड्या वेगळ्या स्टेट पार्कमध्ये येतात, तिथे आखलेल्या वाटेवरूनच चालावं, कारण रोप इतकं जमिनीलगत असतं की पाय पडला तरी कळत नाही.

याचाच एक भाऊबंद, म्हणजे याच जातीचा हार्टवेगियाना नावाचा प्रकार, सांताक्रूझच्या डोंगरातल्या वाळूवर वाढतो. त्याच्या पेल्याची किनार गुलाबीसर असते.