माशीचा नको, डागाचा फोटो पाठवा

बीडकडच्या एका रेशीम शेतकरी मित्राने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर माशीचा फोटो पाठवला. रेशीमकिडे वाढवायच्या शेडच्या, म्हणजे संगोपनगृहाच्या भिंतीवर बसलेली करडी माशी, वरून टिपलेली. खाली प्रश्न : "दादा, ही उझीच का? अ‍ॅप तर घरमाशी म्हणतंय."

उझी म्हणजे जिची अळी रेशीमकिड्याच्या शरीरात वाढते ती माशी. त्या फोटोवरून ती उझी की घरमाशी, हे मलाही सांगता आलं नसतं. घरमाशीच्या छातीवर चार काळे उभे पट्टे असतात, उझीच्याही असतात. उझी मोठी असते खरी, पण शेजारी मोजपट्टी नसेल तर फोटोतून आकार समजत नाही. मांसमाशी निदान बाजूला काढता येते : तिला पट्टे तीन, आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी.

उझी टॅकिनिडी कुळातली. या कुळात 8,000 हून जास्त प्रजाती आहेत आणि त्या बहुतेक दुसऱ्या कीटकांच्या शरीरात वाढतात. कुळाची पक्की खूण वरून दिसतच नाही. माशीच्या छातीच्या मागच्या टोकाला ढालीसारखा एक भाग असतो, त्याला स्कुटेलम म्हणतात. टॅकिनिडमध्ये या ढालीखाली उशीसारखा आणखी एक फुगवटा असतो, तो सबस्कुटेलम. शिवाय छातीच्या बाजूला, पंखाच्या मुळाखाली, राठ केसांची एक उभी रांग. ही रांग निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्यांनाही असते, पण त्यांना उशी नसते. घरमाशीला दोन्ही नाहीत. म्हणजे फोटो हवा तो बाजूने, जवळून आणि स्वच्छ उजेडात. एवढं करूनही कुळच कळतं. प्रजाती ठरवायला पुष्कळदा नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. एका फोटोवरून छातीठोकपणे प्रजातीचं नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर म्हणूनच माझा भरवसा नाही.

मग शेतकऱ्याने काय करायचं? माशी सोडायची आणि रेशीमकिड्याकडे पाहायचं.

'उझी' हे नाव जपानी 'उजी'वरून आलं, त्याचा अर्थ माशीची अळी. आपल्याकडच्या तुतीच्या रेशीमकिड्यावरची उझी म्हणजे एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. 1980 साली ती पश्चिम बंगालमधून आलेल्या कोषांबरोबर कर्नाटकात पोचली. (भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशीमकिड्यावरची उझी वेगळी, ब्लेफारिपा झेबिना.) मादी किड्याच्या अंगावर पांढरी, डोळ्यांना दिसणारी अंडी घालते, बहुधा किड्यामागे एक-दोन. दोन-तीन दिवसांत अळी अंड्याच्या तळातून थेट कातडीला भोक पाडून आत शिरते. अंडं उबण्याआधीच किड्याने कात टाकली, तर ते कातीबरोबर गळून पडतं आणि किडा वाचतो.

आत शिरलेल्या अळीपुढे पहिला प्रश्न असतो श्वासाचा. कीटकाच्या रक्तात आपल्यासारख्या प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी नसतात. हवा शरीराच्या बाजूंच्या छिद्रांतून नळ्यांवाटे थेट पेशींपर्यंत जाते. त्यामुळे दुसऱ्याच्या रक्तात बुडालेली अळी गुदमरायला हवी. त्यात किड्याचं शरीरही गप्प बसत नाही. त्याच्या रक्तपेशी घुसखोराभोवती गोळा होतात, थरावर थर चढवतात, त्यात मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य साठतं आणि कडक काळं आवरण तयार होतं. एरवी परका जीव याच आवरणात कोंडून मरतो. उझीच्या अळीची श्वसनछिद्रं मात्र शेपटीकडे असतात आणि शेपटी ती भोकातच ठेवते. त्यामुळे आवरण तिच्याभोवती चढतं ते नरसाळ्यासारखं, बाहेरच्या बाजूला उघडं. किडा तिला मारायला जे बांधतो, तेच तिचं धुराडं होतं! डोकं आत, तोंडाने खाणं चालू, शेपटीने बाहेरची हवा. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

या नरसाळ्याचं बाहेरचं तोंड म्हणजे किड्याच्या अंगावरचा काळा डाग. साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तो स्पष्ट येतो. महाराष्ट्रातल्या तुतीच्या रेशीमकिड्यावर पांढरं अंडं आणि काळा डाग सोबत दिसले, की माशीचे केस मोजत बसायची गरज उरत नाही. यजमानानेच, म्हणजे किड्यानेच, ओळख पटवलेली असते.

काही शेडच्या दारावर नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगलेली दिसते. उझी त्याच दारातून, लिंबाला वळसा घालून आत येते. तिला अडवते ती दारं-खिडक्यांवरची नायलॉनची बारीक जाळी. लिंबू-मिरचीचे पैसे जाळीवरच खर्च करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोषाला भोक पाडून अळी बाहेर पडली की शेकडो मीटरचा सलग धागा तुटतो आणि तो कोष रीळिंगच्या, म्हणजे धागा उकलून गुंडाळण्याच्या, कामाचा राहत नाही.

मित्राला म्हटलं, माशी राहू दे, पाचव्या, म्हणजे कोष करण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या रेशीमकिड्यांचे फोटो काढ, शेजारी काडेपेटी ठेवून. तासाभरात सहा फोटो आले. चौथ्यात दोन पांढरी अंडी आणि मागच्या बाजूला मोहरीएवढा काळा डाग. मी लगेच फोन लावला : डागवाले किडे आजच वेचून नष्ट कर. आतली उझीची अळी पूर्ण वाढली की बाहेर पडेल, जमिनीच्या भेगेत शिरेल आणि दहा-बारा दिवसांत माशी होऊन तुझ्या पुढच्या बॅचवर बसेल.