कुलपाचं तोंड बंद कसं करायचं?

कपाटाची किल्ली हरवली की आपण नाक्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावतो. तो पिशवीतून एक कोरी किल्ली काढतो, तिची कड कानशीने गुळगुळीत करतो, कुलपात घालून हलकेच पिळतो आणि बाहेर काढून उजेडात धरतो. घासलेल्या धातूवर सुईच्या टोकाएवढे एक-दोन ठिपके उमटलेले असतात. जिथे ठिपका, तिथे कानस. पुन्हा आत, पुन्हा पीळ, पुन्हा उजेडात. थोड्या वेळाने कपाट उघडतं आणि आपण त्याच्या हाताचं कौतुक करतो. त्याचा हात चांगला असतोच, पण किल्ली कशी हवी हे त्याला सांगितलेलं असतं खुद्द कुलपाने.

बहुतेक यांत्रिक कुलपांचं हेच दुखणं आहे. ती बंद असतात, पण गप्प नसतात. आत काय दडलंय ते थोडंथोडं सांगत राहतात. गेल्या अडीचशे वर्षांत कुलपं सुधारण्यासाठी जे काही झालं, त्यातला मोठा भाग ही बडबड थांबवण्याचा आहे.

आपल्या दाराच्या लॅचचंच बघा. किल्ली जिथे घालतो ते गोल पितळी नळकांडं एका जाड कवचात बसवलेलं असतं. कवचातून नळकांड्यात उतरणारी पाच-सहा भोकं एका ओळीत पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एकीवर एक अशा दोन पिना आणि त्यांच्यावर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंग वरची पिन खाली ढकलते. ती अर्धी कवचात, अर्धी नळकांड्यात अशी अडकून बसते आणि नळकांडं फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिचे चढउतार प्रत्येक जोडीला नेमकं इतकंच उचलतात, की दोन पिनांमधला सांधा नळकांड्याच्या कडेशी येतो. सगळे सांधे एका रेषेत आले की वाट मोकळी. लाकडी खुंट्यांची अशीच कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती. अमेरिकेतल्या लायनस येल (धाकटे) यांनी 1861 आणि 1865 च्या पेटंटांमधून त्यांना आजचं आटोपशीर पितळी रूप आणि चपटी किल्ली दिली.

आता हिशेब करू. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा शक्य उंची धरल्या तर 7,776 वेगवेगळ्या किल्ल्या होतात. दारात उभं राहून त्या एकेक घालून बघायला कोणी जाणार नाही. पण पाचही पिनांची उत्तरं वेगवेगळी विचारता आली तर? मग पाच गुणिले सहा, म्हणजे फार तर तीस प्रयत्न. गुणाकाराची बेरीज झाली, आणि कुलूप कागदावर कितीही भक्कम असलं तरी दारावर लेचंपेचं ठरलं.

उत्तरं वेगवेगळी मिळतात, कारण यंत्राने पाडलेली भोकं कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरक राहतोच. नळकांड्याला थोडा पीळ दिला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत. ज्या भोकाची जागा सर्वांत जास्त चुकलेली, तिथली पिन आधी आवळली जाते आणि बाकीच्या सैल राहतात. ती एक जागेवर आली की नळकांडं केसभर फिरतं, बोटाला ते कळतं आणि पुढची पिन आवळते. कुलूप उघडणाऱ्याची सगळी कला या केसभर फरकावर उभी आहे.

म्हणजे कुलपाची सुरक्षा आधी कारखान्यात ठरते. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने 1784 साली पेटंट घेतलेल्या कुलपात किल्लीच्या टोकाभोवती पातळ पट्ट्या वर्तुळात मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक पट्टी ठरावीक खोलीपर्यंत ढकलली जाणं आवश्यक होतं. कल्पना उत्तम होती, पण हाताने कानस मारून इतकी अचूकता येईना. मग हेन्री मॉडस्ले नावाचा तरुण कामाला आला. ब्रामाच्या कुलपांसाठी त्याने यंत्रं बनवली आणि पुढे अचूक लेथच्या इतिहासात त्याचंच नाव मोठं झालं. यंत्रयुगातल्या अचूकतेचा एक धागा असा कुलपाच्या भोकातून निघतो, हे मला तरी फार गमतीचं वाटतं.

ब्रामाने लंडनच्या पिकाडिली रस्त्यावरच्या आपल्या दुकानाच्या खिडकीत 18 पट्ट्यांचं एक कुलूप मांडलं आणि ते उघडणारं हत्यार जो बनवेल त्याला 200 गिनी (इंग्लंडमधलं जुनं सोन्याचं नाणं) बक्षीस, अशी पाटी लावली. ब्रामा गेला, त्याची मुलं दुकान चालवू लागली, तरी ते कुलूप तसंच होतं.

दरम्यान दुसरा एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. 1817 साली पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. आपल्याच किल्लीने उघडेल असं कुलूप बनवणाऱ्याला सरकारने बक्षीस जाहीर केलं आणि जेरेमाया चब याने 1818 साली ते मिळवलं. त्याचं कुलूप लिव्हरचं होतं. अशा कुलपात किल्ली एकावर एक रचलेल्या पट्ट्या उचलते. पट्टी कमी उचलली तरी अडते आणि जास्त उचलली तरी अडते. चबने त्यात एक चहाडखोर भाग घातला: एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली की कुलूप अडकून बसायचं. मालकाची खरी किल्लीही मग लगेच चालायची नाही, आणि कोणीतरी हात लावून गेलं हे त्याला कळायचं. गोदीतल्या तुरुंग-जहाजावर एक कैदी मूळचा कुलूप-कारागीर होता. हे कुलूप उघडलंस तर माफी, असं आमिष त्याला दाखवलं गेलं. काही महिने झटून त्याने हात टेकले.

मग 1851 साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं आणि अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूप-कारागीर आला. जुलै महिन्यात त्याने वेस्टमिन्स्टरमधल्या एका तिजोरीखोलीच्या दाराचं चब कुलूप साक्षीदारांसमोर 25 मिनिटांत उघडलं. त्यासाठी त्याने चबचा तोच चहाडखोर भाग वापरला. पट्टी जास्त उचलली की कुलूप अडकतं, म्हणजेच ‘इतकी नको’ असं सांगतं. मालकाला सावध करण्यासाठी घातलेली सोय परक्या माणसालाही माहिती पुरवत होती. मग तो ब्रामाच्या खिडकीतल्या कुलपाकडे वळला. त्याला 16 दिवसांत विभागून 51 तास लागले. बक्षीस द्यावं की नाही यावर वाद झाला, पण 200 गिनी अखेर मिळाल्या.

इंग्लंडभर खळबळ माजली. अशा गोष्टी उघड बोलू नयेत, चोर शहाणे होतील, असा सूर निघाला. हॉब्जचं म्हणणं होतं की चोरांना हे आपल्याआधीच ठाऊक असतं, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. मी पूर्णपणे हॉब्जच्या बाजूचा. एरवी कुलूपवाल्यांना सुधारण्याची काय घाई होती?

सुधारणेचे रस्ते दोन. पहिला, कुलपाला खोटं बोलायला शिकवणं. ब्रामाच्या पट्ट्यांना पुढे फसव्या खाचा आल्या. आजच्या चांगल्या लॅचमध्ये वरच्या काही पिना सरळ नळीसारख्या न ठेवता मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद करतात. बाहेरून चाचपणी केली की अशी पिन कंबरेत अडकते, नळकांडं किंचित फिरतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तिथून पुढे रस्ताच नसतो. खर्च नगण्य, कारण पिनेचा फक्त आकार बदललेला असतो. तरीही स्वस्त लॅच बनवणारे तेवढंही करत नाहीत.

दुसरा रस्ता, उत्तरं सुटी सुटी देणं बंद करणं. फिनलंडच्या एमिल हेन्रिकसनने 1907 साली पिना आणि स्प्रिंगा दोन्ही काढून टाकल्या आणि फिरत्या चकत्यांचं कुलूप बनवलं. तेच पुढे ‘अ‍ॅब्लॉय’ नावाने प्रसिद्ध झालं. प्रत्येक चकती ठरावीक कोनात फिरली की सगळ्यांच्या खाचा एका रेषेत येतात आणि बाजूची एक दांडी त्या खाचांत बसते. अमेरिकेच्या मेडेको कंपनीने 1968 मध्ये पिना ठेवल्या, पण त्या उचलण्याबरोबर ठरावीक कोनात फिरवण्याचीही अट घातली. एका पिनेला दोन प्रश्न, आणि दोन्हींचं उत्तर एकाच वेळी बरोबर हवं.

स्प्रिंग नसण्याचा फायदा नंतर जास्त कळला. साध्या लॅचवर आणखी एक हल्ला होतो, ठोक्याचा. कॅरममध्ये दोन सोंगट्या चिकटून असताना एकीला स्ट्रायकर लागला की पलीकडची उडते आणि अलीकडची जवळजवळ जागीच राहते, तसंच पिनांच्या जोडीचं होतं. ठोका खालच्या पिनेला बसतो, वरची उडते आणि निमिषभर दोघींच्या मध्ये फट पडते. तेवढ्यात नळकांडं फिरलं तर संपलं. ही युक्ती कुलूपवाल्यांना जुनीच होती, पण 2005 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या कुलूपशौकिनांनी ती जाहीरपणे मांडली आणि कारखाने जागे झाले. वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा किंवा एखादी अशी पिन जिला ठोका पोचतच नाही, हे त्यावरचे उपाय. चकत्यांच्या कुलपात उडायला काही नसतंच.

आपल्याकडे मुंबईत लालबागला 1897 साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली. घरोघरी दिसणारं ‘नवताल’ चबच्याच लिव्हरच्या घराण्यातलं आहे, आणि त्यावरचा 6, 7 किंवा 8 हा आकडा लिव्हरांचा. लिव्हर जास्त तर प्रश्न जास्त, इतकं खरं. पण कुलूप झिजलं असेल तर आकडा शोभेचा. वीस वर्षं वापरलेलं कुलूप कधी कधी शेजारच्या किल्लीनेही उघडतं, त्यात चमत्कार काही नाही. घासून घासून फटी रुंदावलेल्या असतात आणि ‘साधारण बरोबर’ उत्तरही चालून जातं. पावसाळ्यात किल्ली अडली की खोबरेल तेल सोडायची आपली सवय झीज वाढवते, कारण तेलात धूळ बसते आणि तिचा चिखल पिनांना घासत राहतो. ग्राफाइटची पूड त्यापेक्षा बरी.

कुलूप गप्प केलं तरी किल्ली बोलते. 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी गच्चीवरून 195 फुटांवरच्या टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचा फोटो काढला आणि संगणकाने त्यांचे चढउतार मोजून दाखवले. 2020 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी किल्ली आत सरकताना होणाऱ्या टकटक आवाजावरून तीन लाख तीस हजारांहून जास्त शक्यता अनेकदा तीनवर आणता येतात, असं मांडलं. असे चोर तुमच्या सोसायटीत येणार नाहीत, काळजी नसावी. पण नव्या घराच्या किल्लीचा फोटो स्टेटसला टाकण्याची हौस आवरावी.

मराठी वर्तमानपत्रातली घरफोडीची बातमी वाचून बघा. तिथे ‘कडी-कोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला’ असंच असतं. चाचपणी, चकत्या, फसव्या पिना यांतलं काहीही चोराच्या कामी आलेलं नसतं. त्याच्याकडे कटावणी असते आणि कुलपाशी संवाद साधण्यात त्याला रस नसतो. म्हणून चांगल्या कुलपांच्या कसोट्या मिनिटांत मोजतात. अमेरिकेच्या ‘यूएल 437’ मानकात कुलपाने हत्यारांच्या चाचपणीला 10 मिनिटं आणि ड्रिलला 5 मिनिटं दाद द्यायची नसते. ड्रिलसाठी पितळी तोंडाशी कडक पोलादाचे तुकडे बसवलेले असतात. त्यांच्यावर ड्रिल घसरतं किंवा बोथट होतं.

कोयंड्याला कोणी असं मानक लावत नाही. महागडं कुलूप लटकतं ते अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंनी बसवलेल्या कोयंड्यावर, आणि त्या स्क्रूंची डोकी बाहेरून दिसत असतात. स्क्रूऐवजी पल्ल्यातून आरपार बोल्ट घालून आतून नट आवळले, किंवा कोयंडा मिटला की स्क्रू झाकले जातील असा प्रकार निवडला, तर फरक कुलूप बदलण्याहून मोठा पडतो. चौकटीचंही तेच. लॅचची जीभ ज्या पट्टीत शिरते ती नुसत्या लाकडी पट्टीवर टेकलेली असेल तर एक लाथ पुरते. स्क्रू चौकट ओलांडून भिंतीत खोलवर गेला पाहिजे. जुन्या वाड्यांत दारामागे दोन्ही बाजूंच्या भिंतींत शिरणारी आगळ असायची. सगळा जोर भिंत घ्यायची, कुलपाचा प्रश्नच यायचा नाही. अर्थात ती आतूनच लावता येते आणि चोर येतो घरात कोणी नसताना, ही तिची अडचण.

दार नुसतं ओढून घेतलं तर लॅचची तिरकी जीभ फक्त स्प्रिंगच्या जोरावर बाहेर असते आणि मागे ढकलता येते. किल्ली दोनदा फिरवली की बहुतेक लॅचमध्ये ती घट्ट होते, म्हणून खाली वाण्याकडे जातानाही ती दोनदा फिरवावी. भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाकडे किती किल्ल्या राहिल्या ते कोणालाच माहीत नसतं. नव्या इमारतींतल्या दारांत सिलिंडर, म्हणजे नळकांडं आणि त्याचं कवच मिळून झालेला भाग, वेगळं निघतं. दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढला की जुनं बाहेर, नवं आत. दुकानात जाण्याआधी जुन्याची लांबी मात्र मोजून घ्या. या सिलिंडरच्या मध्यावर त्याच स्क्रूसाठी भोक असतं आणि तिथे धातू सर्वांत कमी असतो. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ते दारावरच्या धातूच्या पट्टीबाहेर डोकावलं तर पकडीत धरून तिथेच मोडता येतं. चांगल्या सिलिंडरला पुढच्या बाजूला मुद्दाम एक खाच दिलेली असते. जोर लावला तर फक्त तो पुढचा तुकडा निघून हातात येतो आणि उरलेलं सिलिंडर दार धरून ठेवतं.