ओढ्यावरचा खाजगी पूरबंधारा

खाजगी पूरबंधारा म्हणजे एखाद्या शेतकऱ्यानं, संस्थेनं किंवा कारखान्यानं स्वतःच्या खर्चानं ओढ्यावर घातलेला छोटा बांध, ज्याचं काम पाणी साठवणं नाही तर जोराच्या पावसात आलेला लोंढा तास-दोन तास अडवून खाली हळूहळू सोडणं हे असतं. बहुतेक वेळा मातीचा असतो, दोन-तीन मीटरपासून फार तर सात-आठ मीटर उंच, आणि बुडात एक कायम उघडा पाईप. गेट नाही, चाक नाही, वॉचमन नाही. दिसायला अगदी पाझर तलावासारखा, पण हिशोब बरोबर उलटा. पाझर तलाव भरला की गाव खूश होतं, पूरबंधारा रिकामा दिसला की खूश व्हायला पाहिजे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात हेच कुणाला पटत नाही, कारण समोर पाणी दिसतंय आणि ऊस तहानलाय तर ते जाऊ द्यायचं कसं?

पंचगंगेच्या महापुराला याचा काही उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं आणि २०२१ ला त्याच्याही वर. ते पाणी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या घाटमाथ्यावरनं भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीतनं येतं, आठवडा आठवडा येत राहतं. एकट्या राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, म्हणजे २० हजार घनमीटरचे जवळपास १२ हजार पूरबंधारे भरतील एवढं पाणी. त्यामुळं 'प्रत्येकानं आपापल्या रानात बंधारा घातला की नदीकाठची चिखली-आंबेवाडी वाचेल' असं जे कट्ट्यावर बोललं जातं ते ऐकायला छान आहे, एवढंच.

शहरातसुद्धा दोन वेगळे पूर आहेत आणि लोक ते एकच समजतात. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी शिरतं ते बऱ्याचदा वरनं येत नाही, पंचगंगा फुगली की जयंती नाला उलटा भरतो, याला फुगवटा म्हणतात. फुगवट्याच्या पट्ट्यात बंधारा घालून काय करणार, पाणी खालनंच येतंय. पण मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरातला परतीचा पाऊस तासाभरात कोसळतो, नदी निवांत असते आणि तरी एखादी कॉलनी गुडघाभर पाण्यात जाते, तो पूर डोंगरउताराच्या ओढ्याचा. पूरबंधारा या दुसऱ्या पुरासाठी. तो ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्तीच्या आधी, अरुंद खोबणीत घालायचा असतो.

काम कसं करतो

समजा ओढ्याला १०० हेक्टरचं पाणी येतंय. एका तासात ५० मिलीमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा मुरला तर उरलेलं २५ हजार घनमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर, दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर, एवढं पाणी ओढ्यात उतरतं. लोंढा ऐन भरात असताना सेकंदाला साधारण सात घनमीटर वाहतो, आपल्याकडच्या भाषेत २४५ क्युसेक. आता मध्ये बांध आहे आणि बुडात ९०० मिलीमीटरचा हुमपाईप, म्हणजे सिमेंटचा मोठा पाईप. पाईपावर तीन मीटर पाणी चढलं तरी त्यातनं सेकंदाला तीन घनमीटरच्या आसपासच पाणी बाहेर पडतं, पाईपाला त्यापेक्षा जास्त जमतच नाही. उरलेलं आत चढत राहतं, पाऊस थांबला की काही तासात उतरतं. पाणी तेवढंच गेलं, एक थेंब कमी नाही, फक्त खालच्या रस्त्याच्या मोरीतनं एकदम सात जाण्याऐवजी तीन-तीन करत गेलं, आणि मोरीला तीन झेपत होतं.

यासाठी आत पंधरा-वीस हजार घनमीटर जागा रिकामी लागते. रिकामी म्हणजे खरंच रिकामी, पाऊस यायच्या आधी. अर्धा भरलेला पूरबंधारा अर्धा पूरबंधारा नसतो, जोरात आलेल्या लोंढ्यापुढं तो जवळपास नसल्यातच जमा.

राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांचं आपल्याला कौतुक आहे, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. हुमपाईपाची अक्कल तीच आहे, फक्त त्याच्याहून साधी.

एक गोष्ट मात्र बांधणारे विसरतात. लोंढा उशिरा पाठवणं नेहमी चांगलंच असतं असं नाही. खाली दोन ओढे मिळत असतील, आपल्या ओढ्याचं पाणी आधी निघून जात असेल आणि शेजारच्याचं तासानं येत असेल, तर आपण आपलं थांबवून दोन्ही एकाच वेळी खाली पाठवतो आणि संगमाजवळच्या माणसाचं घर आपल्या पुण्याईनं बुडतं. म्हणून नुसता आपला ओढा बघून चालत नाही.

बिघडतो कुठं

आमच्याकडच्या एका ओढ्यावर असा बांध होता. पहिला पावसाळा मस्त गेला, खालच्या घरात पाणी नाही, मालकाचा सत्कार वगैरे. दुसऱ्या वर्षी परतीच्या पावसानंतर मालकानं पाईपाच्या तोंडाला मातीची पोती लावली, वर गोणपाट, मोटर बसवली, उन्हाळ्यापर्यंत उसाला पाणी. चूक काय म्हणायची, मीसुद्धा तेच केलं असतं. पण जूनमध्ये पोती काढायची राहिली, त्यावर वरच्या रानातलं पाचट वाहून आलं, प्लॅस्टिक आलं, एक अख्खी बाभळीची फांदी आली आणि जुलैत एका रात्री पाणी बांधावरनं गेलं. सकाळी आम्ही बघायला गेलो तर मधोमध माणूस उभा राहील एवढी खाच, कडेची माती अजून ढेकळाढेकळानं आत पडत होती आणि खालच्या रानात भातावर लालसर गाळ.

मातीच्या बांधाचं मरण बहुतेक वेळा असंच असतं, वरनं पाणी जाणं. म्हणून सांडवा. सांडवा म्हणजे पाईपाला झेपलं नाही तर जादा पाणी बाजूनं, पक्क्या जमिनीवरनं, बांधाला न शिवता निघून जायची वाट. खाजगी कामात पैसे वाचवायला सगळ्यात आधी यालाच कात्री लागते, कारण पाच वर्षं त्यातनं थेंब जात नाही आणि मालकाला वाटतं उगाच जागा अडकली. काही जण तर सांडव्यावरच गोठा टाकतात.

दुसरं मरण आतनं. बांधात मधोमध काळ्या चिकट मातीचा गाभा लागतो, तो खाली पक्क्या थरापर्यंत खंदक काढून रुतवायचा, बाहेरनं मुरमाचं कवच, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर. माती थराथरानं टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबायची. जेसीबीवाला दोन दिवसात ढीग घालून वरनं बकेट आपटतो त्याला बांध म्हणत नाहीत. पाईपाच्या कडेची माती नीट दाबली नाही तर पाणी पाईपालगत वाट काढतं, आधी झिरपा, मग गढूळ धार. धार स्वच्छ आहे तोवर वेळ आहे, गढूळ झाली की बांधाची माती वाहायला लागली, तिथनं लोक हलवायचे. झाडं उगवू द्यायची नाहीत, मुळं कुजली की बीळ तयार. आणि खेकडे. २०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ते हसण्यावारी नेलं, बरोबरच होतं, ते सरकारी धरण होतं आणि गळतीच्या तक्रारी आधीपासनं होत्या. पण लहान मातीच्या बांधाला खेकडा-उंदरांची बिळं खरंच घातक असतात, तेवढं त्या हशात बुडालं.

मालक कोण, जबाबदार कोण

रान आपलं असलं तरी ओढा आपला नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणं नद्या, ओढे, नाले साधारणपणे सरकारी मालमत्ता आहेत, त्यामुळं सातबारा दाखवून ओढा अडवता येत नाही, परवानगी लागते. धरण सुरक्षा कायदा २०२१ खाजगी मालकालाही लागू होतो, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही अटीत बसणाऱ्यांना. मावळ-मुळशीतली टाटांची वीजनिर्मितीची धरणं खाजगी आहेत, ती एवढी मोठी की या कायद्यात बसतात. आपला पाच मीटरचा बांध त्या कायद्याच्या खालनं निसटतो, म्हणजे तपासायला कुणी येणार नाही.

नुकसानीची जबाबदारी मात्र निसटत नाही. यावरचा गाजलेला खटला इंग्लंडमधल्या लँकेशायरचा, रायलंड्स विरुद्ध फ्लेचर. गिरणीमालकानं स्वतःच्या कामासाठी तलाव बांधून घेतला, खाली जुन्या खाणीची भुयारं निघाली, त्यातनं पाणी शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरलं. मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता तरी १८६८ ला निकाल शेजाऱ्याच्या बाजूनं लागला, तुझ्या फायद्यासाठी तू धोक्याची गोष्ट साठवलीस तर ती सुटली की भरून दे. हा धडा आपल्याकडच्या वकिलांनाही पाठ असतो.

आणि खाजगी मालकी किती महागात पडते याचं टोक म्हणजे अमेरिकेतलं जॉन्सटाऊन, ३१ मे १८८९. वरचं धरण श्रीमंतांच्या मासेमारी क्लबचं, तळातले पाईप आधीच काढून टाकलेले, सांडव्याला मासे निसटू नयेत म्हणून जाळ्या. जाळ्यांत कचरा अडकला, पाणी वरनं गेलं, २,२०९ माणसं मेली. तिथं पोत्यांच्या जागी जाळ्या होत्या, बाकी तेच.

त्याच देशात चांगला नमुनाही आहे. १९१३ ला डेटन शहर बुडाल्यावर ओहायोतल्या लोकांनी वर्गणीसारखा कर भरून पाच कोरडी धरणं बांधली, १९२२ ला पूर्ण झाली. खाजगी नाहीत, पण तत्त्व हेच, बुडात कायम उघडी भोकं, गेट नाही. मागं तळं नाही, शेती आहे, पूर आला की तेवढ्यापुरती बुडते.

आपल्याकडं सवय लावायला वेगळं शिकवायला नको. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याच्या तोंडावर काढायचे आणि पावसाळा संपल्यावर घालायचे हे नदीकाठच्या पोराला माहीत असतं. पूरबंधाऱ्याचं पाईपाचं तोंड त्याच यादीत घालायचं, फक्त वळिवाच्या आधी, म्हणजे एप्रिलअखेरीलाच मोकळं करायचं आणि परतीचा पाऊस जाईपर्यंत बुजवायचं नाही, पुढं लोखंडी गजांची तिरकी जाळी लावायची म्हणजे पाचट वर सरकतं, आणि मोठ्या पावसानंतर कुणीतरी दाताळं घेऊन जायचं. आतली जमीन पडीक ठेवायला कुणाचा जीव होत नाही, तिथं भुईमूग-सोयाबीन लावून रडण्यापेक्षा चाऱ्याचं गवत लावावं, दिवसभर पाण्यात राहिलं तरी पुन्हा उभं राहतं आणि म्हशींना चालतं.