सनमायकावर रंग टिकत नाही?

‘सनमायकावर रंग धरतच नाही, कपाटंच बदला,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. रंग सुटतो तो बहुतेकदा फोडणीच्या तेलकट थरामुळे आणि न घासलेल्या चकाकीमुळे. शेगडीजवळच्या दारावर, हँडलच्या बाजूला नख ओढून बघा. पिवळट चिकटा नखात येतो. त्यावर कुठलाच रंग बसणार नाही. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दारं पुसा, मग साध्या पाण्यानं. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिशपेपरनं चकाकी घालवा, धूळ पुसा आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, लावा. प्रायमर कृपा करून वगळू नका! रंगाचे दोन पातळ हात पुरतात. हाताला कोरडा लागला तरी रंग पुरता कडक व्हायला आठवडे लागतात. पाण्यानं फुगलेला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मात्र रंगानं सुधारत नाही. तेवढं दार बदलावंच लागतं.