फंक संगीत

फंक ही अमेरिकेतील आफ्रिकी-अमेरिकन संगीतकारांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास घडवलेली तालप्रधान संगीतशैली होय. सोल, जॅझ आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या शैलींतून ती निघाली. मात्र सोलमध्ये गाण्याचा भार चाल आणि स्वरसंगती (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) यांवर असे, तो फंकने तालावर आणला. एकाच स्वरसंगतीवर पाच-सात मिनिटे रेंगाळणारी फंक रचना नव्या श्रोत्याला एकसुरी वाटू शकते, कारण तिच्यात जे घडते ते चालीत न घडता वाद्यांच्या परस्परांतील गुंफणीत घडते.

‘फंक’ या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ उग्र दर्प, विशेषतः घामाचा वास, असा आहे. न्यू ऑर्लीन्सचे कॉर्नेटवादक बडी बोल्डेन यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका गाण्यात खच्चून भरलेल्या नृत्यगृहातील कोंदट हवेची थट्टा आहे. पुढे १९५० च्या दशकात जॅझवादक हाच शब्द ब्लूजचा अस्सल रांगडेपणा टिकवणाऱ्या वादनासाठी कौतुकाने वापरू लागले. होरेस सिल्व्हर यांची ‘ओपस द फंक’ ही रचना १९५३ मधील आहे. न्यू ऑर्लीन्सने शब्दाबरोबर तालही दिला. तेथील ब्रास बँडच्या मिरवणुकांमागे नाचत चालणाऱ्या जमावाला ‘सेकंड लाइन’ म्हणतात, आणि त्या चालण्यातील हेलकावे घेणारा ठेका त्या शहरातील ड्रमवादकांच्या हातात मुरलेला होता. ‘द मीटर्स’ या तेथील चमूच्या ‘सिसी स्ट्रट’ (१९६९) या वाद्यरचनेत तो स्पष्ट ऐकू येतो.

शैलीला निश्चित रूप दिले ते जेम्स ब्राऊन यांनी. त्या काळच्या लोकप्रिय अमेरिकी गाण्यांत चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी ठसठशीत वाजवण्याचा प्रघात होता. ब्राऊन यांनी पहिल्या मात्रेवर सर्व वादकांनी एकत्र येण्याचा आग्रह धरला. या मात्रेला ते नुसते ‘द वन’ म्हणत. आपल्याकडील समेची येथे आठवण होणे साहजिक आहे, पण तबल्याच्या साथीत सम कित्येक मात्रांच्या आवर्तनानंतर येते, तर येथे ती दर चार मात्रांनी येते आणि मधल्या जागेत प्रत्येक वाद्य हवे तेथे आघात करते. ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ (१९६५) मध्ये या बदलाची चाहूल लागते. जॅझच्या मुशीतून आलेले सॅक्सोफोनवादक पी वी एलिस यांच्यासह रचलेल्या ‘कोल्ड स्वेट’ (१९६७) मध्ये स्वरसंगती जवळजवळ हलतच नाही. ब्राऊन यांची शिस्त करडी होती आणि चुकलेल्या वादकाला ते दंड करीत.

फंकचा नाद समजून घ्यायचा तर प्रत्येक वाद्य तालवाद्यासारखे वाजते असे मानावे. गिटारवादक तारा अर्धवट दाबून, मात्रेचे चार भाग करीत कोरडा खरखरीत ठेका धरतो. ब्रासवाद्ये लांब सूर न लावता तुटक फटकारे मारतात. ड्रमवादक मुख्य आघातांच्या मधल्या जागा अगदी हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यांनी भरतो. बेस गिटार पुढे येते. तिच्या वादनातील अंगठ्याने तार ठोकण्याची पद्धत लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केली. आईसोबत वाजवताना साथीला ड्रमवादक उरला नाही, तेव्हा मोठ्या ड्रमऐवजी अंगठ्याचा ठोका आणि छोट्या ड्रमऐवजी बोटाने खेचलेली तार अशी युक्ती त्यांनी केली, आणि पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या सान फ्रान्सिस्कोच्या चमूतून ती जगभर पोचली.

१९७० मध्ये ब्राऊन यांच्या चमूत आलेले तरुण बेसवादक बूट्सी कॉलिन्स थोड्याच काळात जॉर्ज क्लिंटन यांच्या ‘पार्लमेंट’ आणि ‘फंकाडेलिक’ या जोडचमूंच्या परिवारात गेले. तेथे फंकला लांबलचक रचना, विनोद आणि अवकाशयानाची कल्पनासृष्टी लाभली. मैफलीत रंगमंचावर उतरणाऱ्या त्यांच्या ‘मदरशिप’ यानाची प्रतिकृती आज वॉशिंग्टन येथील आफ्रिकी-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयात आहे. स्टीव्ही वंडर, हर्बी हॅनकॉक आणि ‘अर्थ, विंड अँड फायर’ यांनी याच दशकात फंक सर्वदूर नेले. नायजेरियात फेला कुटी यांच्या आफ्रोबीटमध्ये ते स्थानिक संगीतात मिसळले.

सर्वांत खोल परिणाम जुन्या ध्वनिमुद्रणांतील तुकड्यांच्या ठेक्यावर शब्द म्हणणाऱ्या हिप-हॉपवर झाला, आणि त्याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटी येथे ‘फंकी ड्रमर’ ध्वनिमुद्रित होत असताना ब्राऊन यांनी ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड यांना, वेगळी करामत न दाखवता चालू आहे तेच वाजवत राहा, असे सांगितले. बाकी वाद्ये थांबली आणि आठ आवर्तने एकटा ड्रम वाजला. सुमारे वीस सेकंदांचा हा तुकडा पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला. रचनाकार म्हणून स्टबलफील्ड यांचे नाव नोंदलेले नव्हते, त्यामुळे या पुनर्वापराचे मानधन त्यांना मिळाले नाही. जी शैली तालालाच रचना मानते, तिच्यातील ताल मात्र श्रेयाच्या हिशेबात रचना ठरला नाही, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही १९७० च्या दशकात फंकची गिटार आणि बेस आली; कल्याणजी-आनंदजी यांचे ‘डॉन’ (१९७८) चे संगीत हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यातील आशा भोसले यांनी गायलेल्या ‘ये मेरा दिल’ चा अंश ‘ब्लॅक आईड पीज’ या अमेरिकी चमूने २००५ मध्ये आपल्या एका गाण्यात वापरला. त्या गाण्याच्या रचनाकारांत कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावे दिलेली आहेत.