'युरोपा युनिव्हर्सालिस ४' पहिल्यांदाच खेळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून संगणक जुळवून घेणारे अनेक ग्राहक ग्रँड स्ट्रॅटेजी प्रकारातला, म्हणजे नकाशावर अख्खे राज्य चालवण्याचा एखादा खेळ हौसेने विकत घेतात, पण पडद्यावरची बटणे आणि आकडे पाहून गांगरतात आणि थोड्याच दिवसांत तो बाजूला ठेवून देतात. हे खेळ अवघड आहेत यात शंका नाही. मात्र ज्याला इतिहासाची आणि नकाशाची आवड आहे, त्याने ते अर्ध्यावर सोडावेत इतके अवघड ते नक्कीच नाहीत. उदाहरण म्हणून आम्ही स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स स्टुडिओचा, २०१३ साली आलेला 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' घेतला आहे. मालिकेतला पाचवा खेळ २०२५ मध्ये आला असला, तरी त्याला संगणक अधिक ताकदीचा लागतो, म्हणून नवख्या खेळाडूला आम्ही चौथाच सुचवतो.

हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे ऑटोमन तुर्कांनी ख्रिस्ती फौजांना हरवले त्या वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. त्या काळातले जवळपास कोणतेही राज्य आपल्याला चालवता येते. गुणांची मोजदाद होत असली, तरी मुरलेले खेळाडू तिकडे फारसे लक्ष देत नाहीत. काय साधायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. नवा खेळाडू अडखळतो तो नेमका इथेच, कारण सगळे एकदम शिकायला गेल्यास कशाचाच थांग लागत नाही. म्हणून पहिल्या खेळासाठी ऑटोमन राज्य घ्यावे आणि बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) जिंकणे एवढे एकच उद्दिष्ट ठेवावे. इतिहासात हे शहर २९ मे १४५३ रोजी पडले, त्यामुळे आपण त्याआधी पोहोचतो की नंतर, हे पाहण्यातही गंमत आहे.

या एका मोहिमेत खेळातल्या बहुतेक गोष्टी हाताखालून जातात. युद्ध पुकारण्याच्या खिडकीत शत्रूच्या बाजूने कोणकोण उतरेल याची यादी दिसते. ती वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. युद्धाचे रीतसर कारण हाताशी नसताना चढाई केली, तर राज्याचे स्थैर्य घसरते. शांततेच्या काळात पैसे वाचवण्यासाठी सैन्याचा खर्च कमी ठेवला असेल, तर तो युद्धाच्या काही महिने आधी पूर्ववत करावा, कारण सैनिकांचे मनोधैर्य हळूहळूच वर चढते. आरमाराकडे तर हमखास दुर्लक्ष होते. सामुद्रधुनीत शत्रूची जहाजे ठाण मांडून बसली, तर अनातोलियातले, म्हणजे आशियाई बाजूचे सैन्य पलीकडे युरोपात उतरताना अडकू शकते; शिवाय बंदराची नाकेबंदी केली नाही, तर किल्ल्याचा वेढा रेंगाळतो. सुरुवातीच्या काळात तोफाही नसतात, त्या लष्करी तंत्रज्ञानाच्या सातव्या पायरीवर मिळतात, त्यामुळे वेढ्याला वेळ लागणारच. तोवर त्या प्रांतात सारे सैन्य कोंबू नये; प्रांत पोसू शकेल त्याहून जास्त माणसे तिथे ठेवली, तर लढाई न होताच दर महिन्याला पलटणी झिजतात.

हे सगळे चालू असताना घड्याळ पुढे सरकत असते, पण स्पेस बार दाबला की काळ थांबतो, आणि थांबलेल्या काळातही आपल्याला हुकूम देता येतात. नवख्याने हे बटण मनसोक्त वापरावे. कोणत्याही आकड्यावर माउस नेऊन धरला, की तो आकडा कशातून आला याचा हिशेब उलगडतो. खजिन्यावर माउस ठेवून कर, उत्पादन आणि व्यापार यांतून किती डुकाट (खेळातले चलन) आले आणि सैन्यावर किती गेले, एवढे वाचायची सवय लागली, तरी कर्जाच्या विळख्यात सापडण्याची वेळ सहसा येत नाही.

पैशापेक्षाही जपून वापरायचे असतात ते प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी पॉइंट. ते राजाच्या कुवतीवर आणि सल्लागारांवर अवलंबून असतात आणि त्यांतूनच तंत्रज्ञान विकत घ्यावे लागते. जिंकलेला प्रांत पूर्णपणे आपलासा करायलाही प्रशासकीय पॉइंट खर्ची पडतात. म्हणून तहात मिळेल तेवढे ओरबाडून घेणे महागात पडते: घेतलेला मुलूख पचत नाही, बंडे होतात, आणि धास्तावलेले शेजारी आपल्याविरुद्ध एकत्र येतात. आमच्या मते या खेळाचा खरा कस तहाच्या खिडकीत लागतो, रणांगणात नव्हे.

मराठी खेळाडूला साहजिकच दख्खन खुणावते. १४४४ च्या नकाशावर तिथे बहमनी सल्तनत आहे, खाली विजयनगर, आणि वर माळवा व गुजरात. हा खेळ अतिशय रंगतो, पण तो दुसरा किंवा तिसरा ठेवावा. बहमनी राज्याला चहूबाजूंनी तोलामोलाचे शेजारी आहेत आणि राजाचा व बहुसंख्य प्रजेचा धर्म वेगळा असल्याने घरातला असंतोषही सांभाळावा लागतो.

खरेदीबाबत आमचा सल्ला असा, की आधी फक्त मूळ खेळ घ्यावा. पुरवण्या (डीएलसी) पुष्कळ आहेत आणि त्या एकेक करून घेण्याऐवजी महिन्याच्या वर्गणीवर सगळ्या वापरून पाहता येतात. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास परत करता येतो. परंतु या खेळाची पारख व्हायला दोन तास पुरत नाहीत, हे आधीच ध्यानात घ्यावे. खेळ मराठीत उपलब्ध नाही आणि इंग्रजी मजकूर बारीक अक्षरांत येतो, त्यामुळे पडदा मोठा असावा आणि सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवून घ्यावा. महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. शेवटच्या शतकात खेळ मंदावतो तो प्रोसेसर कमी पडल्यामुळे. आयर्नमॅन प्रकारात एकच सेव्ह राहतो आणि मागे जाता येत नाही, म्हणून सुरुवातीला तो बंद ठेवावा आणि प्रत्येक युद्धापूर्वी वेगळ्या नावाने सेव्ह करावे.

खेळ कुठे अडला, तर तीच सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात यावे. गर्दी नसेल त्या वेळी आम्ही आपल्यासोबत बसून ती उघडून पाहू. त्यासाठी कोणतेही शुल्क घेतले जात नाही.