पुळणीवरील धातुशोधन (ब्रिटन)

समुद्राच्या वाळूत हरवलेल्या किंवा गाडल्या गेलेल्या धातूच्या वस्तू मेटल डिटेक्टरने शोधण्याचा छंद. नाणी, अंगठ्या, साखळ्या, गळाची शिसे, जहाजाचे खिळे आणि अर्थातच पेयाच्या डब्यांच्या ढीगभर कड्या यात हाती लागतात. हा छंद बऱ्याच देशांत आहे, पण त्याचे कायदे देशागणिक इतके बदलतात की सगळ्यांची मिळून एकच नोंद लिहिली तर वाचणारा अडचणीत येईल. म्हणून येथे मुख्यतः इंग्लंड व वेल्सच्या किनाऱ्यांचा विचार केला आहे. मुलांकडे चार-सहा आठवडे तिकडे गेलेल्या आणि यंत्र पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाला सर्वांत आधी दोन गोष्टी कळायला हव्यात : ही वाळू कोणाची आहे आणि पाणी आत्ता कुठवर आले आहे. यंत्र त्यानंतर.

वाळू कोणाची

सरासरी भरतीरेषा व सरासरी ओहोटीरेषा यांच्यामधल्या पट्ट्याला तिकडे फोरशोअर म्हणतात. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड मिळून या पट्ट्याचा सुमारे निम्मा भाग क्राउन इस्टेट या संस्थेच्या ताब्यात आहे. राजसत्तेच्या नावावर असलेली मालमत्ता ही संस्था सांभाळते. आपल्या पट्ट्यात छंद म्हणून डिटेक्टर फिरवायला ती वेगळा परवाना मागत नाही, मात्र तिच्या अटी पाळाव्या लागतात. समुद्रतळ व नदीचे पात्र यांना ही मुभा लागू नाही.

उरलेला पट्टा डची ऑफ कॉर्नवॉल व डची ऑफ लँकेस्टर या राजघराण्याच्या दोन जहागिरी, स्थानिक कौन्सिले, जुन्या वास्तू व निसर्ग जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था, संरक्षण खाते आणि खासगी मालक यांच्यात वाटलेला आहे. यांपैकी नॅशनल ट्रस्ट सहसा परवानगी देतच नाही. नवखा माणूस हमखास फसतो तो आणखी एका ठिकाणी. लोक टॉवेल पसरून बसतात ती भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू फोरशोअरमध्ये मोडत नाही. ती बहुधा कौन्सिलची असते, आणि कौन्सिलाकौन्सिलाचे नियम निराळे असतात. पुळण सर्वांना खुली आहे म्हणजे तिथे चालता येते, पोहता येते. खणता येते असे नव्हे. कौन्सिलच्या कार्यालयाला एक ईमेल टाकून विचारणे हा सरळ मार्ग आहे. उत्तर लेखी मिळाले तर ते फोनमध्ये जपून ठेवावे.

काही जागा मालकाने हो म्हटले तरी बंदच असतात. १९७९च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीत लेखी संमतीवाचून डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे. काही सापडले की नाही याचा संबंध नाही. शास्त्रीय महत्त्वाची म्हणून राखलेली किनारी ठिकाणे, पक्ष्यांची वीण होणाऱ्या जागा आणि वाळूच्या टेकड्या यांनाही निर्बंध आहेत.

लंडनला गेलेल्या पाहुण्याला टेम्स नदीचा ओहोटीला उघडा पडणारा काठ फार खुणावतो. तिथे मात्र पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो, आणि तो डिटेक्टरलाच नव्हे, नुसत्या डोळ्यांनी शोधून वस्तू उचलायलाही लागतो. तो सहजासहजी मिळतही नाही. चार दिवसांच्या मुक्कामात टेम्सचा नाद सोडून सरळ समुद्र गाठावा.

सापडलेली वस्तू

वस्तू कशी व कोणाची, यावर कोणता कायदा लागू होईल हे ठरते. कालपरवा हरवलेली अंगठी अजून तिच्या मालकाचीच असते. मालक शोधण्याचा योग्य तो प्रयत्न न करता ती खिशात घातली तर १९६८च्या चोरीविषयक कायद्याचा प्रश्न उभा राहतो. लग्नाच्या अंगठीच्या आतल्या बाजूला पुष्कळदा नावे व तारीख कोरलेली असते, तेव्हा घाईने पुसून टाकण्याआधी भिंग लावून पाहावे. या छंदात सर्वांत मोठे समाधान अशा अंगठ्या परत करण्यात आहे, आणि अनेक अनुभवी शोधक केवळ त्यासाठी हाकेला धावून जातात.

वस्तू फार जुनी असेल तर १९९६चा ट्रेझर, म्हणजे गुप्तधनाविषयीचा, कायदा पाहावा लागतो. तो सप्टेंबर १९९७पासून अमलात आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू ही त्यातली मूळ व्याख्या. नाणी असतील तर एकाच ठिकाणची सोन्या-चांदीची दोन किंवा इतर धातूंची दहा नाणी लागतात. जुलै २०२३मध्ये व्याख्या वाढवून विशेष महत्त्वाच्या, २०० वर्षांहून जुन्या धातूच्या वस्तूही तीत घेतल्या गेल्या. अशी वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला, कळवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात हे काम त्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरमार्फत होते. हे अधिकारी १९९७मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे असतात. ब्रिटिश म्युझियममधून चालणाऱ्या या योजनेकडे सर्वसामान्य माणसांनी दाखवलेल्या पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे. ट्रेझर न ठरणारी वस्तूही त्यांना दाखवावी. वस्तू नेमकी कुठे आणि किती खोल मिळाली हे लिहून ठेवले नाही, तर तिचा निम्मा इतिहास वाळूतच राहतो.

जहाजाची किंवा जहाजातून आलेली वस्तू असेल तर १९९५चा मर्चंट शिपिंग कायदा लागू होतो आणि २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला कळवावे लागते. समुद्राने किनाऱ्यावर टाकले ते उचलणाऱ्याचे, हा समज किती खोल रुजलेला आहे ते जानेवारी २००७मध्ये दिसले. एमएससी नापोली हे मालवाहू जहाज डेव्हनमधील ब्रँसकम गावाजवळ वाळूवर आणून बसवल्यावर कंटेनर किनाऱ्याला लागले आणि लोकांनी त्यांतून कोऱ्या मोटारसायकलींपर्यंत सारे काही ओढून नेले. कायद्याने त्यातली प्रत्येक वस्तू कळवायची होती.

पाहुण्यासाठी आणखी एक बाब महत्त्वाची. ब्रिटनच्या जमिनीत किंवा सागरी हद्दीत सापडलेली, ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, मग तिची किंमत कितीही कमी असो. विमानतळावर बॅगेत जुने बक्कल घेऊन उभे राहण्यापेक्षा ते तिथल्या संग्रहालयाला दाखवून ठेवलेले बरे.

इंग्लंडमध्ये शिकलेले नियम सीमेपलीकडे चालत नाहीत. स्कॉटलंडमध्ये सापडलेली कुठलीही पुरातत्त्वीय वस्तू राजसत्तेची मानली जाते आणि ती कळवावीच लागते. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातत्त्वीय वस्तूंच्या शोधासाठी खणायला परवाना लागतो. आयर्लंड प्रजासत्ताकात १९८७पासून अशा शोधासाठी डिटेक्टर लेखी संमतीवाचून वापरता येत नाही. फ्रान्समध्येही प्रशासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

यंत्र आणि खारे पाणी

डिटेक्टरच्या टोकाला असलेल्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्याने जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचे उलट क्षेत्र यंत्र टिपते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी याच तत्त्वावरचे उपकरण वापरून पाहिले होते, यश आले नाही. माणसाने हातात धरून चालावे असा सुरुंगशोधक पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तयार केला. १९४२मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत तो वापरला गेला. आजच्या छंदाची यंत्रे त्याच कुळातली आहेत.

कोरड्या वाळूत साधे, एकाच वारंवारितेवर चालणारे यंत्रही चांगले काम देते. ओल्या वाळूत पाय ठेवताच ते सारखे किणकिणू लागते. यंत्र बिघडलेले नसते. खारे पाणी स्वतः विजेचे वाहक आहे आणि यंत्राला सबंध किनाराच एक मंद धातू वाटतो. नवखा माणूस मग संवेदनशीलता वाढवत नेतो आणि गोंगाट आणखी वाढतो. खरे तर ती कमी करायला हवी. मिठाचा आवाज गाळून टाकण्याच्या सोयीतही एक खोच आहे. मिठाचा संकेत ज्या पट्टीत येतो, जवळपास त्याच पट्टीत सोन्याची नाजूक साखळी येते. साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी आणि अगदी लहान दिसते, म्हणून जाड पदकापेक्षा ती सापडणे कितीतरी अवघड. मीठ गाळले की साखळीही गळते.

यावर दोन प्रकारची यंत्रे निघाली. एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारे यंत्र त्यांची तुलना करून मिठाचा भाग वजा करते. दुसरे विजेच्या तुटक स्पंदांवर चालते. त्याला मिठाची फिकीर नसते आणि ते खोलवर पाहते, पण लोखंड आणि सोने यांत ते फारसा भेद करत नाही, त्यामुळे प्रत्येक गंजक्या खिळ्यासाठी वाकावे लागते. पाहुण्याने पहिलेच यंत्र महागाचे घेऊ नये. साधे यंत्र भाड्याने किंवा उसने घेऊन कोरड्या वाळूवर कान तयार करावा. कान म्हणण्याचे कारण असे की पडद्यावरच्या आकड्यापेक्षा आवाजाचा पोत जास्त खरे सांगतो. हेडफोन, भोके असलेले लांब दांड्याचे फावडे आणि जाड हातमोजे एवढे सामान पुरते. स्वतःचे यंत्र विमानाने नेताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात.

सोन्याची अंगठी आणि डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. कड्या नकोत म्हणून तो संकेत बंद करणारा माणूस अंगठ्याही बंद करत असतो. म्हणून पहिले काही दिवस येईल तो प्रत्येक संकेत खणावा, खड्डा लगेच बुजवावा आणि निघालेला कचरा बरोबर न्यावा. न बुजवलेल्या खड्ड्यात लहान मूल पडले की त्या किनाऱ्यावर पुढच्या सगळ्यांना बंदी होऊ शकते.

वाळू वाचणे

समुद्र वस्तू वजनाप्रमाणे निवडून ठेवतो. साध्या वाळूची घनता पाण्याच्या अडीचपट-पावणेतीनपट, ॲल्युमिनियमचीही तेवढीच. शिसे अकरापट आणि शुद्ध सोने एकोणीसपट. लाटा हलके ते उचलून नेतात आणि जड वस्तू खाली सरकत चिकणमातीच्या किंवा गोट्यांच्या घट्ट थरावर जाऊन थांबते. सोनारांच्या दुकानातली राख-माती धुऊन सोन्याचे कण काढणारे आपले झारेकरी याच नियमावर पोट भरत आले आहेत. ब्रिटनमधले बरेच जुने दागिने ९ कॅरटचे असतात आणि त्यांवर ३७५चा छाप असतो. आपल्या ओळखीचा ९१६ तिथे क्वचित दिसतो. ९ कॅरटच्या सोन्याची घनता जवळजवळ शिशाइतकीच असल्यामुळे गळाची शिसे एकापाठोपाठ एक निघू लागली की जाणता माणूस तिथून हलत नाही. नुसत्या कड्या निघत असतील तर समुद्राने तिथे हलका माल टाकला आहे, पुढे जावे.

पावसाळ्यात कोकणची पुळण खचते आणि पाऊस सरल्यावर वाळू हळूहळू परत येते, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. ब्रिटनमध्ये हेच हिवाळी वादळांत घडते. समुद्र वाळू खातो, किनाऱ्याला पायरीसारखा उभा काप पडतो आणि वर्षानुवर्षे हाताबाहेर असलेला थर दोन-चार दिवस उघडा पडतो. थंड पाण्यात बोटे आक्रसतात आणि अंगठी निसटते, म्हणून कमरेएवढ्या पाण्याचा पट्टा ओहोटीला उघडा पडला की तिथे शोधावे.

नाण्यांवरून थराचा काळ कळतो. ब्रिटनची एक व दोन पेन्सची नाणी १९९२पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, पाच व दहा पेन्सची २०१२पासून निकेलच्या मुलाम्याची. खाऱ्या पाण्यात ती लवकर गंजतात. १९१९पर्यंतच्या चांदीच्या नाण्यांत ९२.५ टक्के चांदी असे, १९२० ते १९४६च्या नाण्यांत ५० टक्के. तसे एखादे काळवंडलेले नाणे निघाले तर आपण जुन्या थरात आहोत.

पाणी

अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे लहान भरती-ओहोटी, हा आपल्या कोळ्यांचा हिशेब ब्रिटनमध्येही चालतो. चंद्र तोच आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सर्वांत दूर जाते. ओहोटीच्या वेळेआधी दोन तास उतरत्या पाण्याबरोबर खाली जावे आणि पाणी फिरण्याआधी परतीला लागावे. मात्र अंतरांचा अंदाज मुंबईवरून बांधू नये. सेव्हर्न खाडीत भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो. तिच्या तोंडाशी असलेल्या वेस्टन-सुपर-मेअरला समुद्र दीड किलोमीटरहून लांब जातो आणि मागे माणूस रुतेल असा चिखल उरतो. वायव्य इंग्लंडमधल्या मोरकम उपसागरात ५ फेब्रुवारी २००४च्या रात्री शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीने घेरले जाऊन बुडाले. पाणी तिथे समोरून येण्याआधी मागच्या चरांतून भरते. हेडफोन लावून खाली मान घातलेल्या माणसाला ते ऐकू येत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी मागे वळून पाहावे.

युद्धकाळातला दारूगोळा अजूनही किनाऱ्यांवर निघतो. गंजलेले नळकांडे दिसले तर हात न लावता दूर व्हावे, ९९९ फिरवावा आणि कोस्टगार्डला बोलावून घ्यावे.

भारतात

आपल्याकडे हा छंद म्हणून रुजलेला नाही. १८७८च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तूविषयक कायदाही लागू होतो. शिवाय रत्नागिरी परिसरातल्या पुळणींत काळी, इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची वाळू आहे. अशा जड खनिजांची वाळू डिटेक्टरला गोंधळात टाकते. नद्यांच्या घाटांवर मुले दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढतात, तो याच कुळातला आपला प्रकार. आपली पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, सोने चिकटत नाही.